तळहातावरचा चोथा

पत्र आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या मोजत होतो. गळीत हंगाम संपला होता, कारखाना थंड पडला होता, आणि बाहेरच्या टाक्यांतली मळी जूनच्या उन्हात आंबून तिचा वास भिंतींत मुरला होता.

"टेंबेसायेब, यूपीचं पत्र हाय," पोस्टमन बाबर दारातूनच म्हणाला. "सोयरीक जुळवली का काय तिकडं?"

निळं अंतर्देशीय पत्र होतं. मी ते वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पुन्हा बाटल्या मोजायला लागलो. आधी एकसष्ट भरल्या होत्या. आता अठ्ठावन्न भरल्या.

पत्र सिंहासन भगत यांचं होतं. त्यांनी माझ्याकडे एक वाक्य लिहून मागितलं होतं. एकच, आणि तेही खरं. त्यावर त्यांना पुन्हा काम मिळणं न मिळणं ठरणार होतं. मी ते वाक्य छत्तीस वर्षं लिहिलं नाही.

पहिली तीन-चार वर्षं मी स्वतःला सांगत असे की माझं हिंदी शुद्ध नाही. पत्र मी हिंदी-मराठी शब्दकोशातच ठेवलं होतं, म्हणजे लिहायला बसलो की शब्द हाताशी असावेत. नंतर वाटायला लागलं की आता फार उशीर झाला, आता लिहिणं बरं दिसणार नाही. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो ते पाहिलं की शिसारी येते.

आमचा कारखाना नदीकाठी होता. मी तिथे केमिस्ट होतो, म्हणजे सगळ्यात खालचा केमिस्ट. भित्रा, पुस्तकं वाचणारा, चहाचा कप रुमालानं पुसून मग तोंडाला लावणारा. उसाचा रस गाळून, आटवून त्याचा पाक करतात, आणि तो पाक पॅन नावाच्या मोठ्या बंद पात्रात उकळून त्यात साखरेचा दाणा धरतात. दाणा धरणाऱ्याला पॅनमन म्हणतात. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये घेऊन तो बोटं लांब करतो, तार किती निघते ते बघतो, आणि ठरवतो. त्याचा अंदाज चुकला की शेकडो क्विंटल माल वाया.

सत्त्याऐंशी साली आमचे तिन्ही पॅनमन यूपीतल्या देवरिया जिल्ह्यातले होते. भगतजी त्यांतले वडीलधारे. त्या वर्षी संचालक मंडळानं ठरवलं की पॅनवर आता इथली मुलं तयार करायची.

चीफ केमिस्ट इंगवलेसाहेबांनी मला बोलावलं.

"टेंबे, तुम्हाला हिंदी येतं ना?"

"वाचता येतं साहेब. बोलायला जरा…"

"मग वाचा की त्यांना! नोंदवही घाला. ते जे जे करतात ते सगळं उतरवून घ्या. तीन आपले, तीन त्यांचे, मधे तुम्ही. भाषा वेगळ्या, प्रांत वेगळे, पण ज्ञानाची देवाणघेवाण झाली पाहिजे." देवाणघेवाण हा शब्द त्यांना फार आवडायचा. "त्याचं पुस्तक काढू. पहिल्या पानावर त्या तिघांची नावं घालू. आणि पुस्तक झालं म्हणून कुणाला काढणार नाही, शिकवायला ठेवू. सांगा त्यांना."

मी सांगितलं. भगतजी पॅनच्या काचेला डोळा लावून उभे होते. उंच, वाळका माणूस, कानावर विडी. वळले नाहीत.

"सब लिखिएगा, बाबू?"

"हां."

"सब लिख लीजिएगा तो फिर हम किस काम के?"

"साहेबांनी शब्द दिया है. तुम्हारा नाम सबसे पहले आएगा. तुम लोग यहीं रहोगे."

आता ते वळले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब का नहीं पूछते. आप कह रहे हैं?"

"हां. मैं कह रहा हूं."

"तब ठीक है," ते म्हणाले. "कल छह बजे यार्ड में आइए."

मला वाटलं होतं शिकवणी पॅनपाशी सुरू होईल. पण ते मला उसाच्या गाड्या उभ्या असतात त्या यार्डात घेऊन गेले. बैलांचं मूत, शेण, चिखल, त्यात पाचट कुजलेलं. ऊसतोडीच्या बायका गाड्यांखालीच चुली पेटवून भाकऱ्या थापत होत्या. मी नाकाला रुमाल लावून, विजार वर धरून चाललो होतो. भगतजी एका गाडीपाशी थांबले आणि तिथल्या बाईला स्वच्छ मराठीत म्हणाले, "काय मालनबाई, पोरगं बरं झालं का?"

"झालं की भाऊ. तुमी सांगितल्याला काढा दिला."

"हा ऊस कधी तोडला?"

"परवाच्याला. जळीत हाय. फडाला आग लागली व्हती."

मी थक्क झालो. दहा वर्षं माणूस आमच्यात होता आणि आमच्यापैकी कुणीही त्याच्याशी मराठी बोलून पाहिलं नव्हतं. तो या बायकांकडून शिकला होता.

त्यांनी गाडीतून एक ऊस उपसला, धोतराला पुसला, दातांनी सोलला आणि मोठा घास तोडून चावायला लागले. बराच वेळ चावला. मग चोथा तळहातावर थुंकले. अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला आणि तो हात माझ्या तोंडापुढे धरला.

"देखिए. लसलसा है न?"

थुंकीनं माखलेला तो पांढरट-करडा गोळा, त्यातून अंगठ्याला चिकटून वर आलेला धागा. मी अर्धं पाऊल मागे सरकलो.

"बासी गन्ने का पाक झूठा तार देता है, बाबू. इंच भर का तार दिखेगा, आप समझेंगे पाक तैयार. तैयार नहीं है, खाली चिपचिपा है. दाना डालेंगे तो गल जाएगा, फिर बाद में अपने आप धूल जैसा दाना फूटेगा. सब बरबाद. इसलिए पहिले गन्ना चबाना. लसलसा लगे तो दो इंच का तार होने तक दाना नहीं." आणि त्यांनी उसाचं उरलेलं कांडं, त्यांचे दात उमटलेलं, माझ्या हातात दिलं. "लीजिए, चबाइए. लिखने से जीभ पर नहीं आएगा."

मी कांडं घेतलं. ते गाडीवानाशी बोलायला वळले. मी तोंड फिरवलं, जबडा हलवल्यासारखं केलं, आणि कांडं गाडीच्या चाकामागे टाकून दिलं.

"समझे?"

"समझ गया," मी म्हणालो.

त्या दिवशी वहीच्या अकराव्या पानावर मी ते सगळं उतरवलं. माझं अक्षर चांगलं आहे.

दोन महिने असे गेले. आमच्या तिघांत हणमंत थोरबोले हुशार निघाला. वीस-बावीसचा, बोलायला फटकळ.

"भगतजी, पाक बघायच्या आधी हात तरी धुता का?" तो एकदा म्हणाला.

"धोता हूं. तुम्हारे जैसा तंबाकू मल के नहीं आता. तुम्हारी साखर खाके तो आदमी को चक्कर आएगा."

सगळे हसले. हणमंतनं निमूटपणे नळावर जाऊन हात धुतले आणि पुन्हा शेजारी उभा राहिला. भगतजींनी त्याचा अंगठा धरून तार कशी ओढायची ते दाखवलं. मी स्टुलावर बसून लिहीत होतो. मला ते काम आवडत होतं, हे कबूल करायला हवं. मधला माणूस होणं मला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं होतं, असं वाटत होतं.

पक्की प्रत घेऊन मी इंगवलेसाहेबांकडे गेलो. ते चष्मा कपाळावर ढकलून वाचत होते. चोथ्याच्या परिच्छेदावर थांबले.

"हे काय? ऊस चावावा, चोथा हातावर थुंकावा? टेंबे, हे पुस्तक पुण्याला जाणार आहे. लोक विचारतील, हे साखर करतात का उलट्या?"

"साहेब, भगतजींचं म्हणणं असं की शिळ्या उसाला…"

"भगतजींचं सोडा. तुम्ही चावून बघितलात?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ज्याची तुम्हालाच खात्री नाही, ते शास्त्रीय पुस्तकात कशाला?" त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "काढा."

मी पट्टी ठेवून तो सबंध परिच्छेद सरळ रेघांनी खोडला. वेडीवाकडी रेघ मला चालत नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्या पानावर 'मार्गदर्शन: इंगवले, लेखन: टेंबे' असं होतं. तिघांची नावं कुठेच नव्हती. मी साहेबांना विचारायला हवं होतं. पण मी काय केलं, तर घरी जाऊन ते पान दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. मला आनंद झाला होता. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

प्रकाशनाला नारळ फुटला, शाली झाल्या. अध्यक्ष 'आपला कारखाना, आपली माणसं' यावर अर्धा तास बोलले. ते तिघे मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. नंतर भगतजींनी पुस्तक हातात घेऊन पहिलं पान उघडलं. सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचलं.

"हमारा नाम किधर है, बाबू?"

"दुसरी बार छापेंगे तब आएगा," मी म्हणालो.

त्यांनी पुस्तक मिटून मला परत दिलं. आतलं काही वाचलंच नाही. माझ्यावर विश्वास होता.

फेब्रुवारीत पलीकडच्या तीन गावांत फड पेटले. जळका ऊस गाड्या भरभरून आला, आणि त्यातच गिरणीचा शाफ्ट मोडला. चार दिवस ऊस यार्डात उन्हात पडून राहिला. पाचव्या दिवशी गाळप सुरू झालं, तेव्हा भगतजींची पाळी नव्हती. पॅनवर हणमंत होता, एकटा, आणि काचेजवळच्या खिळ्याला आमचं पुस्तक सुतळीनं टांगलेलं होतं.

दुपारी आरडाओरडा ऐकून मी गेलो. पॅनचं खालचं तोंड उघडलं होतं आणि आतून माल येण्याऐवजी करडा, तारा सुटणारा राडा ओघळत होता. चाळण्या तुंबल्या होत्या. माणसं गुडघ्यापर्यंत त्यात उभी राहून फावड्यानं ओढत होती. आंबूस, सडक्या फळासारखा वास. एकानं बाजूला जाऊन ओकारी केली. हणमंतचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुस्तकात होतं तसंच केलं, टेंबेसायेब," तो सारखं म्हणत होता. "एक इंच तार आली, दाणा टाकला. तुमीच लिवलंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. साहेब, हणमंत, भगतजी आणि मी.

"भगत, शिळ्या उसाचं हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं साहेब."

"मग शिकवताना का सांगितलं नाही?"

भगतजींना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते माझ्याकडे वळून जवळजवळ हसले.

"सांगितलं होतं. बाबूंना विचारा. बाबू की कापी में लिखा है."

"टेंबे?"

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या पायांमध्ये होती आणि वहीचा कोपरा घोट्याला टोचत होता. ती वर काढली असती तर अकरावं पान निघालं असतं, मग पक्की प्रत निघाली असती, त्यावरच्या सरळ रेघा निघाल्या असत्या, आणि त्या कुणी मारायला लावल्या तेही. साहेब माझ्याकडे पाहत होते. आम्हा दोघांनाही सगळं आठवत होतं.

"मला… नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो. "वही बघावी लागेल."

"बघा ना मग."

"घरी आहे."

साहेबांनी श्वास सोडला. "बरं."

"सायेब," हणमंत खाली बघत म्हणाला, "भगतजी मला एकदा बोलले व्हते, ऊस चावून…"

"थोरबोले, तू पर्मनंट झालास का अजून?"

हणमंत बावीस वर्षांचा होता, आणि तेवढं तरी बोलला. मी एकेचाळीसचा होतो.

भगतजी माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नव्हे. पाढा म्हणताना मधेच अडलेल्या पोराकडे मास्तर जसा थांबून पाहतो, तसे. मी शेवटपर्यंत वर पाहिलं नाही.

देवरियाच्या तिघांना आठवड्याभरात काढलं. भगतजींच्या दाखल्यावर शेरा होता: 'कामाची माहिती जाणूनबुजून दडवली.' तो साहेबांनी सांगितला आणि टंकलेखक रजेवर असल्यामुळे हातानं लिहिला गेला. अक्षर माझं होतं.

जायच्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात आले. ट्रंक खाली ठेवली. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबू," ते म्हणाले, "घर पर जो कापी है न, संभाल के रखिएगा."

एवढंच. चार महिन्यांनी ते पत्र आलं.

ते असं होतं:

'टेंबे बाबू को सिंहासन भगत का राम राम. इधर की मिलों में दाखला देखते हैं और लौटा देते हैं. कहते हैं भगत आधा हुनर सिखाता है, आधा पेट में रखता है. मेरे साथ के दोनों को भी कोई नहीं रखता. आप एक लाइन लिख दीजिए कि मैंने बताया था. आपकी लिखावट वही है जो दाखले पर है, सब मान लेंगे. गन्ने का टुकड़ा आपने फेंक दिया था, वह मैंने देख लिया था. बुरा नहीं माना, आप लोगों को घिन आती है, मालूम है. पर लिखा तो आपने पूरा था, यह भी मैंने देखा था.'

हिंदी शुद्ध नसणं वगैरे सगळं त्या शेवटच्या दोन ओळींवरचं पांघरूण होतं. त्यांनी पाहिलं होतं. पाहूनही दोन महिने मला शिकवलं होतं.

गेल्या दिवाळीत इंगवलेसाहेब वारले. त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, स्मरणिका काढतोय. बाबांनी वेगवेगळ्या प्रांतांची माणसं एकत्र आणून जे पुस्तक केलं, त्यावर तुम्हीच लिहायला हवं. तुमची भाषा काय सुंदर आहे!"

आणि मी लिहायला बसलो. खरं सांगायचं तर एका बैठकीत सहा पानं झाली. नदीकाठ, निरनिराळ्या बोली, एका पॅनभोवती जमलेली माणसं. वाक्यं कशी लोण्यासारखी उतरत होती. सहाव्या पानावर मी 'ज्ञानाची देवाणघेवाण' असं लिहिलं आणि तो शब्द कागदावर पाहिला. मला खरोखरच उठून मोरीत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे गेलो. म्हटलं, "शिळा ऊस आहे का? तीन-चार दिवसांचा?"

"आजोबा, आमच्याकडं ताजाच असतो!" तो दुखावला.

"मला शिळाच हवाय."

त्यानं विचित्र नजरेनं पाहिलं आणि कचऱ्याच्या डब्यामागून एक काळपट कांडं काढून दिलं. मी ते घरी आणलं, दारं लावली आणि तोंडात घातलं. कवळी निसटली. तीनदा प्रयत्न केला. हिरड्यांनी ऊस चावला जात नाही. त्या चोथ्याची चव मला आता कधीच कळणार नाही.

मग सहा पानं फाडली आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिलं. शब्दकोश उघडला तो फक्त त्यातल्या पत्रावरचा पत्ता उतरवायला, शब्दांसाठी नाही.

'भगतजी, आपने बताया था. मैंने पूरा लिखा था, फिर अपने हाथ से काट दिया. कापी घर पर नहीं थी, मेरे पैरों के पास थी.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, कारखान्याचं नाव. सोबत वहीचं अकरावं पान, मूळ. त्याच पानाची आणि चिठ्ठीची झेरॉक्स स्मरणिकेसाठी पाठवली. ते छापतील असं वाटत नाही.

पोस्टातल्या मुलीनं पाकीट उलटसुलट केलं.

"आजोबा, पिनकोड नाही."

"पत्रात नव्हता. गाव आहे, पोस्ट आहे, जिल्हा आहे."

तिनं संगणकात शोधून स्वतःच घातला. "नाव सिंहासन? खरंच असं नाव असतं?"

"असतं."

"काय वय असेल? म्हणजे, घ्यायला कुणी असेल ना?"

"नव्वदीला आले असतील. ते नसले तर घरच्यांना द्यावं, असं लिहिलंय खाली."

"बरं. पोच लावायची का? घेणाऱ्याची सही होऊन कार्ड तुमच्याकडं परत येतं. म्हणजे कळतं, मिळालं म्हणून."

मागे रांग होती. कुणीतरी घसा खाकरला. मी त्या कोऱ्या पोचकार्डाकडे पाहत होतो.

"आजोबा? लावू?"

"नको," मी म्हणालो. "त्यांच्याकडून आता काही मागायचं नाही."

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.